तापाच्या मुलाचे तोंड कोण बघणार?

हिवतापाने किंवा काला आजाराने मूल दवाखान्यात भरती झाले, की घरच्यांचे आणि आम्हा नर्सेसचेही लक्ष तीनच गोष्टींवर असते. ताप उतरला का, रक्त किती टक्के आले आणि सलाइन कुठवर आली. हे चुकीचे नाही. जीव वाचवायचा तर आधी तेच बघावे लागते. पण त्याच खाटेवरचे मूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंड फिरवू लागते. आई चमचा पुढे करते, मूल मान वळवते. केसपेपरवर ‘भूक कमी’ असे दोन शब्द लिहिले जातात आणि एक टॉनिक वाढते. त्या मुलाचे तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात आत काय चालले आहे, हे फार थोड्या वॉर्डांत बघितले जाते. आम्ही वॉर्डात होतो तेव्हाही हेच होते, आज वस्त्यांमध्ये काम करताना दवाखान्यातून परतलेली मुले बघतो तेव्हाही तेच दिसते. मूल ‘जेवत नाही’ म्हणून घरी आलेले असते. तोंडात बघावे तर हिरड्या सुजलेल्या, जिभेवर पांढरा थर, गालाच्या आत फोड. भूक असते, पण खाताना आग होते म्हणून ते खात नाही.

म्हणून या अंकात आरोग्याच्या पानावर परजीवी तापाने आजारी असलेल्या मुलांच्या तोंडाविषयी लिहीत आहोत.

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारा जीव. हिवतापाचा परजीवी ॲनोफिलिस डासाच्या मादीतून येतो आणि रक्तातल्या लाल पेशी फोडतो. आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यात हा आजार फार जास्त. भामरागड, एटापल्ली, धानोरा या जंगलपट्ट्यातली आदिवासी मुले त्याची पहिली शिकार. त्यातही फॅल्सिपेरम जातीचा हिवताप वाईट. तो मेंदूत गेला तर मूल बेशुद्ध होते, झटके येतात.

काला आजाराचा परजीवी वेगळा, त्याचे नाव लिश्मानिया. तो वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. ही माशी डासापेक्षाही लहान असते. मातीच्या ओल्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या आसपास राहते. हा आजार महाराष्ट्राचा नाही, तो बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागाचा. आणि बिहारमध्ये तो कोणाला होतो हे विचारले, तर उत्तर आपल्या वाचकांना ऐकल्या ऐकल्या समजेल. तो सर्वांत जास्त मुसहर टोल्यांत दिसतो. मुसहर ही अस्पृश्यांमध्येही सर्वांत खाली ढकललेली, भूमिहीन जात. २००७ साली बिहार सरकारने महादलित अशी जी वर्गवारी केली त्यात ती आली. गावाबाहेर, सखल जागी, मातीच्या भिंतींचे घर, शेजारी दुसऱ्याचे गुरे बांधलेले आवार. माशीला जात कळत नाही. घर कुठे आणि कशाचे बांधायचे हे मात्र जातीने ठरवले, आणि माशी त्या घरात आली.

काला आजारात ताप आठवडेच्या आठवडे राहतो. पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढते, यकृत वाढते, पोट नगाऱ्यासारखे होते आणि हातपाय काड्या. उपचार नाही मिळाला तर शंभरातले पंचाण्णवहून जास्त रुग्ण दगावतात. शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामिन हे औषध शोधले आणि लाखो जीव वाचले. आता तर बहुतेक रुग्णांना लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनची एकच सलाइन पुरते, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. १९९२ साली देशात सत्तर हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते, आता वर्षाला काही शे नोंदले जातात. हे मोठे काम झाले आहे, ते मान्य केलेच पाहिजे. पण उरलेले रुग्ण सर्वांत गरिबांचे आहेत आणि त्यात मुले पुष्कळ आहेत.

तुम्ही म्हणाल, बिहारचे आम्हाला काय? मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या बांधकामांवर बिहारची कुटुंबे राहतात. त्यांची मुले आपल्याच दवाखान्यात येतात. इथल्या डॉक्टरांना हा आजार रोज दिसत नाही, म्हणून चटकन सुचत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप, पोट फुगलेले, अंग पांढरे पडलेले आणि हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, असे मूल दिसले आणि कुटुंब त्या भागातले असेल, तर ‘डॉक्टर, काला आजाराची तपासणी करायची का?’ एवढे विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. आरके-३९ नावाची पट्टी असते, बोटातल्या रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत सांगते.

तोंडात काय काय होते

आता मूळ मुद्द्यावर येऊ. तोंड हा शरीराचा आरसा आहे असे म्हणतात, पण या आजारांत तोंडाला प्रत्यक्ष इजाही होते.

काला आजारात पानथरी आणि हाडांतला मगज दोन्ही परजीवीने भरतात. त्यामुळे रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होतात. लाल पेशी कमी झाल्या की हिरड्या, जीभ, ओठांची आतली बाजू फिकट दिसते. प्लेटलेट कमी झाल्या की रक्त थांबत नाही. ब्रश केला, कडक पोळी चावली, तरी हिरडीतून रक्त येते. कधी टाळ्यावर मोहरीएवढे लाल ठिपके दिसतात. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की जंतूंशी लढणारे सैन्यच संपते. मग एरवी तोंडात निमूट राहणारे जंतू डोके वर काढतात. पांढरी बुरशी वाढते, फोड येतात, हिरड्यांची टोके कुजू लागतात. तिन्ही पेशींची नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. फिकटपणा, रक्त आणि कुजका वास या तीन खुणा लक्षात ठेवा.

हिवतापात चित्र थोडे वेगळे. लाल पेशी फुटतात म्हणून फिकटपणा येतोच, आणि कावीळ झाली तर जिभेखाली पिवळेपणा आधी दिसतो. सावळ्या मुलांच्या कातडीवर कावीळ चटकन कळत नाही, म्हणून आम्ही नेहमी जीभ वर उचलायला सांगतो. गंभीर हिवतापातही प्लेटलेट उतरतात. तापाने ओठांच्या कडेला पाण्याचे फोड येतात, ते फुटून खपली धरते. मूल तोंडाने धापा टाकत श्वास घेते, घाम आणि उलट्यांनी अंगातले पाणी जाते, लाळ आटते. लाळ म्हणजे नुसते थुंकी नव्हे. ती तोंड धुते, आंबटपणा कमी करते, जंतूंना आवरते. लाळ आटलेल्या तोंडात चार दिवसांत जेवढी घाण साचते, तेवढी एरवी महिन्यात साचत नाही.

औषधांचाही भाग आहे. लहान मुलांची बरीच पातळ औषधे साखरेच्या पाकात असतात. हिवतापाची गोळी कडू म्हणून आई ती गुळात किंवा मधात कालवते, आणि रात्रीची मात्रा देऊन मुलाला झोपवते. ती साखर रात्रभर दातांवर बसते. त्यात भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक बिस्किटाचा पुडा आणि ग्लुकोजची पावडर घेऊन येतो. प्रेमापोटीच आणतात, पण आम्हाला विचाराल तर बिस्किटाऐवजी दोन केळी किंवा उकडलेले अंडे आणा. भरती असलेल्या मुलाच्या खाटेखाली बिस्किटांच्या कागदांचा ढीग आणि ताटात तसाच राहिलेला वरणभात, हे दृश्य ज्याने वॉर्ड बघितला त्याला सांगायला नको.

रक्तवाढीचे लोहाचे औषध दिले की दात काळे पडतात आणि आई घाबरून औषध बंद करते. हा डाग वरवरचा असतो, नंतर निघतो. औषध ड्रॉपरने किंवा चमच्याने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वरून पाणी पाजा. औषध मात्र बंद करू नका. याच्या उलट डॉक्सिसायक्लिन. हे मोठ्यांना हिवतापात क्विनाईनबरोबर दिले जाते. आठ वर्षांखालच्या मुलांच्या दातांवर त्या गटातल्या औषधांचा डाग कायमचा बसू शकतो, म्हणून मुलांना ते देत नाहीत, दुसरे देतात. डॉक्टरांना हे माहीत असते. घरात मोठ्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि ‘ताप तोच, गोळी तीच’ म्हणून अर्धी करून मुलाला दिली जाते, अडचण तिथे होते.

आणखी एक गोष्ट फार उशिरा दिसते. जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंत मुलाच्या हिरडीच्या आत पुढच्या पक्क्या दातांवरचे कवच तयार होत असते. त्या काळात वारंवार मोठा ताप आणि कुपोषण झाले, तर ते कवच नीट बनत नाही. सहा-सात वर्षांनी दात येतो तेव्हा त्यावर खड्डे किंवा आडवी रेघ असते, आणि असा दात लवकर किडतो. शाळेतले बाई म्हणतात, ‘हा दात घासत नाही.’ मुलाचा त्यात काय दोष? दोन वर्षांचा असताना आलेल्या तापाची ती खूण आहे.

कुजका वास आला तर थांबू नका

या सगळ्यांत एका आजाराबद्दल आम्हाला सविस्तर लिहायचे आहे, कारण तो मुलाचे तोंडच खातो. त्याला नोमा म्हणतात. सुरुवात साधी असते. हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते, तोंडाला घाण वास येतो, लाळ गळते. मग हिरडीवर राखाडी कुजलेला पट्टा दिसतो. पुढे काही दिवसांतच गाल सुजतो, आतून काळा पडतो आणि आरपार भोक पडते. मुख्यतः दोन ते सहा वर्षांच्या मुलांना हा होतो, आणि बहुधा गोवर, हिवताप यांसारख्या मोठ्या आजारानंतर, आधीच कुपोषित असलेल्या मुलाला. काला आजारातही तो पूर्वीपासून नोंदला गेला आहे. उपचार झाला नाही तर शंभरातली नव्वद मुले दगावू शकतात. वाचतात त्यांचा चेहरा कायमचा विद्रूप होतो, जबडा उघडत नाही, बोलता येत नाही. नायजेरियातल्या सोकोटो शहरात १९९९ पासून खास याच मुलांचे रुग्णालय आहे, तिथे शस्त्रक्रिया करून चेहरे पुन्हा उभे करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १५ डिसेंबर २०२३ रोजी नोमाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. आपल्याकडे तो तुरळक दिसतो, पण तुरळक म्हणून तो ओळखायला कोणी शिकत नाही, आणि ओळखायला उशीर झाला तर चेहरा जातो.

नोमा एकाचा दुसऱ्याला होत नाही. हे ठळकपणे सांगायला हवे, कारण वासामुळे अशा मुलाला घरातही बाजूला ठेवतात. सुरुवातीच्या टप्प्यात साधी प्रतिजैविके, तोंडाची स्वच्छता आणि भरपूर पौष्टिक अन्न एवढ्यावर तो थांबतो. ही औषधे महागडी नाहीत. फक्त कोणीतरी पहिल्या दोन-तीन दिवसांत तोंडात बघायला हवे.

या आजाराचा इतिहास आपल्या चळवळीतल्या माणसांनी वाचण्यासारखा आहे. एकेकाळी नोमा युरोपातही होता. तिथल्या गरिबांना पुरेसे अन्न मिळू लागले तसा तो निघून गेला, प्रतिजैविके येण्याच्या आधीच. मग दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा दिसला. कुठे? नाझींच्या छळछावण्यांत. आऊश्वित्झमध्ये रोमा लोकांच्या मुलांना तो झाला. युरोपात शतकानुशतके गावाबाहेर ठेवलेले हे लोक. उपाशी ठेवले, कोंबून ठेवले आणि आजार परत आला. डॉक्टर त्याला गरिबीचा चेहरा म्हणतात. आम्ही त्यात एवढेच घालू की ही गरिबी आपोआप आलेली नसते, ती माणसे माणसांवर लादतात.

तोंड आणि विटाळ

तोंडाच्या काळजीकडे दुर्लक्ष का होते, याचे एक उत्तर कामाच्या ओझ्यात आहे. पन्नास मुलांमागे दोन सिस्टर असतील तर त्या इंजेक्शन देतील की तोंड पुसतील? हे खरे आहे. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षात माउथ केअरचा ट्रे लावायला शिकवतात, परीक्षेत त्याचे गुण असतात आणि नोकरी लागल्यावर तो ट्रे कपाटात जातो. दुसरे उत्तर लाळेत आहे. आपल्या देशात लाळ, थुंकी, उष्टे यांच्याभोवती विटाळाची केवढी मोठी भिंत आहे! पेशवाईत पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके बांधले जात होते, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये याची नोंद केली आहे. ज्या समाजात एका माणसाच्या थुंकीने रस्ता बाटत होता, त्या समाजातल्या दवाखान्यात मुसहर किंवा माडिया मुलाच्या तोंडात बोट घालून हिरडी पुसायला हात का अडखळतो, हे समजून घेणे अवघड नाही. आम्ही ते अडखळणे बघितले आहे. हातमोजे घातले तरी ते जात नाही. नाडी बघतात, पण ‘तोंड आईलाच पुसू दे’ म्हणतात आणि आईला कसे पुसायचे ते दाखवत नाहीत.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची केलेली सेवा आपण बालसंस्कार वर्गात मुलांना सांगतो. पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि संघाला बजावले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा समजा. ही कथा बऱ्याच जणांना माहीत असते. विनयपिटकातली दातवणाची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. भिक्खू दात घासत नव्हते, त्यांच्या तोंडाला वास येत होता. तेव्हा बुद्धांनी दातवण वापरायला सांगितले आणि न वापरण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांना चांगले नाही, तोंडाला दुर्गंधी येते, चव घेण्याची शक्ती साफ राहत नाही, पित्त आणि कफ अन्नाला चिकटतात आणि अन्न रुचत नाही. शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचा. अन्न रुचत नाही! आमच्या केसपेपरवरचे ‘भूक कमी’ तेच. पुढे गंमत अशी झाली की काही भिक्खू लांबलचक दातवण घेऊन त्यानेच श्रामणेरांना मारू लागले, तेव्हा ते आठ बोटांपेक्षा लांब नको असा नियम झाला. मग एकाने इतके आखूड घेतले की ते घशात अडकले, म्हणून चार बोटांपेक्षा आखूडही नको. नियम असे अनुभवातून होतात.

खाटेशेजारी काय करायचे

आता हाताचे काम. यासाठी लागते ते सगळे दवाखान्यात किंवा घरात असते.

आधी आपले हात साबणाने धुवा, नखे कापलेली हवीत. मोबाइलची बॅटरी लावा. ओठ, मग हिरड्या, दोन्ही गालांची आतली बाजू, जीभ वरून आणि खालून, टाळू, एवढे रोज एकदा बघा. वास घ्या. काही वेगळे दिसले तर सिस्टरला लगेच दाखवा आणि ‘केसपेपरवर लिहा’ असे सांगा. न लिहिलेली गोष्ट पुढच्या पाळीत पोहोचत नाही.

कपभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घाला. स्वच्छ मऊ सुती कापडाचा तुकडा किंवा गॉझ बोटाला गुंडाळा, त्या पाण्यात भिजवून पिळा आणि हिरड्या, दात, गाल, जीभ हळू पुसा. प्रत्येक बाजूला नवा तुकडा. दिवसातून किमान दोनदा, आणि औषध किंवा खाणे झाल्यावर नुसत्या पाण्याने. मोठे मूल चूळ भरू शकत असेल तर गुळण्या करू द्या, पण गिळू नये. पाण्याची टाकी स्वच्छ आहे का हेही बघा. महाडच्या चवदार तळ्याची आठवण ठेवणाऱ्यांना वॉर्डातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल बोलायला संकोच कसला?

हिरडीतून रक्त येत नसेल तर मऊ ब्रश चालेल. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. रक्त येत असेल तर ब्रश ठेवून द्या, कापडच वापरा. रक्त थांबत नसेल तर ओल्या गॉझची घडी त्या जागी दाबून धरा आणि डॉक्टरांना बोलवा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, पाण्याने तोंड साफ करा आणि अर्ध्या तासाने घासा.

जिभेवरचा पांढरा थर ओरबाडून काढू नका, खालून रक्त येते. तो पुसल्याने जात नसेल तर बुरशी समजा, त्याचे लावायचे औषध साधे आणि स्वस्त असते. अंगावर पिणाऱ्या बाळाला बुरशी झाली असेल तर आईच्या स्तनाग्रांनाही औषध लागते, नाहीतर दोघांमध्ये फिरत राहते. दात न आलेल्या बाळाच्या हिरड्याही ओल्या कापडाने पुसायच्या असतात.

मूल बेशुद्ध असेल तर हे काम सिस्टरचेच आहे, आणि ते मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. अशा मुलाच्या तोंडात पाणी, दूध, तुळशीचा रस, काहीही घालू नका, ते फुप्फुसात जाते. मूल कुशीवर हवे, गॉझ पिळून जेमतेम ओला हवा. झटका आला तर तोंडात चमचा, किल्ली, बोट घालू नका. दात तुटतो, तुटलेला दात श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा आणि हाक मारा. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही.

हिरडीवर मशेरी, कोळसा, राख, तंबाखू चोळू नका. दुखणाऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याची पद्धत आहे, तिने हिरडी भाजते आणि रक्त आणखी पातळ होते. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये. सर्वांत महत्त्वाचे, ताप आणि फिकटपणा असलेल्या मुलाचा हलणारा किंवा किडलेला दात बाजारातल्या दातवाल्याकडून उपटून घेऊ नका. प्लेटलेट कमी असताना दात काढला तर रक्त थांबत नाही. दात काढायचाच असेल तर आधी रक्ताची तपासणी, मग दंतचिकित्सक. पानथरी वाढली म्हणून पोटावर डागण्या देणे याच पठडीतले, त्याबद्दल वेगळ्या अंकात लिहू.

खायला मऊ, कोमट आणि तिखट नसलेले द्या. मुगाची पातळ खिचडी, वरणभात कालवून, नाचणीची आंबील, कुस्करलेले केळे, ताक, मऊ उकडलेले अंडे. अंड्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी आदिवासी भागातली अमृत आहार योजना बघावी, तिथे मुलांना अंडी शासनच देते. एका वेळी पोटभर नाही गेले तरी दर दोन तासांनी चार घास द्या. तोंड पुसून लगेच खायला दिले तर मूल जास्त खाते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सुट्टी मिळताना

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते, तोंडाबद्दल काही नसते. तुम्ही विचारा. प्लेटलेट किती होत्या आणि आता किती आहेत, दात दाखवायला कधी यायचे, लोहाचे औषध किती दिवस. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या वारी असतात हे लिहून घ्या. आजारात वापरलेला ब्रश टाकून नवा घ्या, भावंडांचा ब्रश वेगळा ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यांच्याकडे आहे आणि त्यांच्या आजारांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पथक घाईत असते. अंगणवाडीताईंना आधी सांगून ठेवा की अमुक मूल तापाने भरती होते, त्याचे तोंड बॅटरी लावून बघा. विहारात रविवारी वंदनेनंतर मुले जमतात, तेव्हा महिन्यातून एकदा आपल्यापैकी कोणी नर्स किंवा आशाताई असतील त्यांनी दहा मिनिटे काढून ओळीने तोंडे बघावीत. आमच्या भागात आम्ही हे करतो. वहीत चार रकाने असतात. नाव, वय, काय दिसले, कुठे पाठवले. पाचवा रकाना आम्ही नंतर वाढवला, तो म्हणजे गेले की नाही. नाही गेले, तर कोणीतरी बरोबर जायचे. बहुधा बसभाडे नसते किंवा मजुरी बुडते, म्हणून जाणे राहिलेले असते.